बरणीतली जाई

१

जाई चोरीला गेली हे मला कळलं तेव्हा मी मेथी निवडत होते. मंगळवार, दुपारचा दीड. थेरगावात आमच्या बिल्डिंगीतल्या बायका या वेळेला झोपतात, आणि अशा वेळी कुणी बेल वाजवली की माझं डोकं फिरतं. बेल वाजली. पुन्हा वाजली. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधली दिव्या. डोळे सुजलेले, नाक लाल, हातात हेल्मेट.

"मावशी, मला घरी पाठवलं. चोर म्हणाले मला."

"कोण म्हणालं? आधी आत ये. आणि ते हेल्मेट माझ्या मेथीवर ठेवू नकोस."

दिव्याचं घर मूळ लातूरकडचं. वडील चाकणला वेल्डर. पोर रसायनशास्त्र शिकली आणि तळेगावच्या एमआयडीसीत निरंजनच्या कारखान्यात लागली. तिथे अत्तरं बनतात, साबण-पावडरींना लागणारे वास बनतात. चार वर्षं तिने दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचून वजनं केली. यंदा पहिल्यांदा निरंजनने तिला तिचं स्वतःचं मिश्रण करू दिलं, आणि तेव्हापासून माझं डोकं खाल्लं तिने. उठता-बसता निशिगंध आणि जाई.

दोन्ही पांढरी फुलं, पण स्वभाव उलटे. निशिगंध जाड, गोड, लोणी लावल्यासारखा. जाई पातळ, थंड, थोडी हिरवट. एकत्र घातली की निशिगंध जाईला गिळून टाकतो. म्हणून दिव्याने मध्ये तिसरी एक वस्तू थेंबभर घातली होती. तिला डांबरगोळीसारखा घाण वास. "खऱ्या फुलातपण तो असतो मावशी, अगदी जरासा. तो नसला की फूल खोटं वाटतं. या दोघींना तोच धरून ठेवतो." हे तिने कागदावर लिहून पाकिटात बंद करून निरंजनच्या कपाटात ठेवलं होतं. तोंडाने फक्त मला सांगितलं होतं. मी कुणाला सांगणार, मेथीला?

मिश्रण काचेच्या बरणीत भरलं, निरंजनने तोंडाला लाख लावून वर शिक्का मारला, आणि बरणी एकवीस दिवस मुरत ठेवली. लोणच्यासारखंच असतं म्हणे ते. ताजं असताना भांडतं, मुरलं की एकजीव होतं. दसऱ्याच्या सुटीनंतर आज कारखाना उघडला आणि अकरा वाजता शिक्का फोडला.

"नुसता निशिगंध," दिव्या म्हणाली. "शेखरदादा म्हणाले जाई नाहीच. सर म्हणाले जाई नाहीच. जाईचा अर्क किती महाग असतो तुम्हाला माहितेय. सर म्हणाले, तू तो घातलाच नाहीस, घरी नेलास. वजन जुळावं म्हणून बिनवासाचं तेल ओतलंस."

"आणि तू ऐकून घेतलंस? तोंड नव्हतं तुला?"

ती मांडीवरच्या हेल्मेटकडे बघत बसली.

"काय बोलू मावशी? मीपण हुंगलं ना. माझ्या हाताने घातली होती जाई. आणि मलाच ती आली नाही."

२

मी शालन. एकतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर काढली. गाड्यांचे सुटे भाग माझ्यासमोर यायचे, मी मोजायचे. बरोबर असला तर पुढे, नसला तर लाल डब्यात. निरंजनचे वडील लक्ष्मणराव तिथेच स्टोअरला होते, म्हणून निरंजन मला काकू म्हणतो. तेवढ्या ओळखीवर बुधवारी सकाळी मी दिव्याच्या स्कूटीवर मागे बसले आणि तळेगाव गाठलं. वाटेत तीन वेळा तिला सांगितलं, हळू चालव.

दिव्याला गेटच्या आत यायला मनाई होती. समोरच्या चहाच्या टपरीवर तिला बसवलं आणि एकटी आत गेले.

ऑफिसात निरंजनची बायको विजयश्री हिशेबाला बसली होती. "काकू, तोंडात लवंग आहे का? टाका बाहेर. चूळ भरा. इथे गजरा नाही, सुगंधी तेल नाही, लवंग-वेलची नाही." पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी चूळ भरायला लावणारं हे पहिलंच ठिकाण बघितलं मी. पण कामाचा नियम असेल तर मी मोडत नाही. भरली चूळ.

निरंजन आतून आला. पांढरा ॲप्रन, चेहरा उतरलेला. वाईट माणूस नाही तो.

"काकू, पोलिसात दिलं नाही, एवढंच माझ्या हातात होतं. चार वर्षं मी तिला शिकवलंय. मला आनंद होतोय का यात?"

"मला वास घेऊ दे."

"तुम्हाला काय कळणार?"

"दे म्हटलं ना."

त्याने आत जाऊन कागदाची एक पांढरी पट्टी मिश्रणात बुडवून आणली. मी हुंगली. आधी निशिगंध आला, भरघोस, लग्नाच्या हॉलसारखा. त्याच्या मागून हळूच दुसरं काहीतरी. पातळ, गार. आमच्या गावठाणातल्या घरी परसात वेल होता, सकाळी सात वाजता तिथे जसा यायचा तसा.

"दोन आहेत की," मी म्हटलं.

ऑफिसच्या दारात एक माणूस उभा होता. चाळिशीचा, चेकचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. हा शेखर, तिथला जुना मिश्रण करणारा. तो हसला. "मावशी, दिव्याने सांगितलंय ना तुम्हाला काय यायला पाहिजे ते? मग तेच येणार. आमचंपण नवीन असताना असंच व्हायचं."

निरंजननेही मान हलवली. मला राग आला, पण शेखर म्हणाला त्यात तथ्य होतं. मनात असलं की नाकाला येतं.

"लॅबला पाठवा मग."

"चार दिवस लागतात," निरंजन म्हणाला. "ग्राहक उद्या सकाळी येतोय. शेखरचं गुलाबाचं मिश्रण तयार आहे, तेच दाखवू. त्याला मोठी बरणी लागेल, ती आज चार वाजता रिकामी करतोय."

"रिकामी म्हणजे?"

"ओतून देणार," शेखर म्हणाला. "नासलेलं मिश्रण ठेवून काय करायचं?"

घड्याळात सव्वादहा झाले होते. बरणी ओतली की दिव्याचा एकमेव साक्षीदार मोरीत जाणार होता, आणि ती जन्मभर चोर राहणार होती.

३

"मला आतली खोली बघायची आहे," मी म्हटलं. विजयश्रीने खुंटीवरून एक ॲप्रन काढून दिला. कडक, पांढराशुभ्र, इस्त्री केलेला. खिशावर दिव्याचं नाव शिवलेलं होतं. तो घालताना मला बरं वाटलं नाही.

आत एसी इतका गार की माझे गुडघे बोलायला लागले. मिश्रणाची खोली बारा महिने अशीच ठेवतात म्हणे. भिंतीला शेकडो बाटल्या, मधोमध टेबलावर ती बरणी, शेजारी फोडलेली लाख. भिंतीवर एक फळा. त्याला तीन पट्ट्या टाचलेल्या, प्रत्येकीवर नाव आणि पेन्सिलीने आकडे.

"हे काय?"

"आमची पद्धत," निरंजन म्हणाला. "एकच पट्टी पुन्हा पुन्हा हुंगायची. वास तासातासाला बदलतो. जितक्या वेळा हुंगली तितक्या वेळा त्यावर वेळ लिहायची. शिकाऊ असल्यापासून हाताला लागलेली सवय आहे, झोपेतसुद्धा लिहू."

मी आकडे वाचले. मोजणं ही माझी सवय. निरंजन: ११, १२, ३. दिव्या: ११, बस्स. शेखर: ११, १२, ३, ८.१०.

मग मी एकेकाला धरलं. आधी विजयश्री. कुलुपाची किल्ली तिच्याकडे, लाखेचा शिक्का तिच्याकडे.

"काकू, माझ्यावर संशय घेताय?"

"सगळ्यांवर घेतेय. राग मानू नकोस."

"शिक्का जसाच्या तसा होता, सगळ्यांसमोर फोडला. आणि सकाळी नऊला कुलूप मी उघडते, सहाला मीच लावते. मधल्या वेळात इथे माणूस सोडा, मांजर येत नाही."

शेखर मिश्रणाच्या खोलीत आला, पण ॲप्रनशिवाय. मी शालीसाठी तळमळत होते आणि हा अर्ध्या बाह्यांत.

"तुमचा ॲप्रन कुठाय?"

"उकडतंय मावशी. ऑक्टोबर आहे."

"दिव्याबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

तो बरणीकडे बघत म्हणाला, "नाक चांगलं आहे तिचं. माझ्यापेक्षा चांगलं. म्हणूनच वाईट वाटतं." बोलताना खोटा वाटला नाही तो. अकरा वर्षं इथे होता, आणि पहिली मोठी संधी चार वर्षांपूर्वी आलेल्या पोरीला मिळाली होती. एवढं मला विजयश्रीने आधीच सांगितलं होतं.

शेवटी चतुराबाई. खोली झाडणारी, पुसणारी, जवळच्याच गावातली. साठीची असेल. बाहेर नळाशी बादली धूत होती.

"काय चतुराबाई, खोली तुम्हीच पुसता?"

"व्हय. नऊ वरसं झाली. पर बाटलीला हात न्हाई लावला कंदी. हुंगायला बी मनाई हाय आमाला. आमचं काम फरशीशी." मग पदराने हात पुसत म्हणाली, "पोरीनं न्हाई केलं वो चोरी. लय गुणाची हाय. मला रोज हाक मारती, चतुरामावशी जेवलात का म्हणून. इथं दुसरं कोन इचारतंय?"

तिचे डोळे भरून आले. माझेही भरले असते, पण मी कामावर होते. विषय बदलायला म्हटलं, "ॲप्रन मात्र झकास धुता हो. आमच्या कंपनीत असं कापड कधी मिळालं नाही."

चतुराबाई एकदम खुलली. "मग! दसऱ्याच्या सुटीत घरी न्हेलं व्हतं समदं. खंडेनवमीला मशिनींला हार घातलं, नारळ फोडला. म्हटलं, त्या कापडानं काय पाप केलंया? काल आल्या आल्या नऊ वाजता ज्याचं त्याला दिलं."

मी हसले आणि खोलीत परत गेले. साडेअकरा झाले होते. निरंजनने दिलेली सकाळची पट्टी पर्समधून काढली. आता नीट, शांतपणे हुंगावं म्हटलं.

निशिगंध आला. मी वाट बघितली. परत हुंगली. परत.

जाई गेली होती.

४

खरं सांगते, मी घाबरले. वाटलं शेखर म्हणाला तेच खरं. मी पोरीच्या मायेने सकाळी नसलेली जाई हुंगली. ॲप्रन काढला, हातावर टाकला आणि गेटबाहेर टपरीवर गेले. दिव्याला काय सांगायचं, हेच कळत नव्हतं.

ती उठून जवळ आली आणि थबकली.

"मावशी, गजरा माळून गेलात तुम्ही? तुम्हाला आत कसं घेतलं?"

"कसला गजरा? या वयात?"

"मग जाईचा वास कसा येतोय? म्हणजे खरी जाई नाही, ती बाजारातली..." तिने माझ्या हातावरचा ॲप्रन नाकाशी धरला. "याला येतोय."

मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला एकदम आमचं जुनं तपासणीचं टेबल आठवलं. एका शिफ्टला चारशेच्या चारशे नग नापास झाले होते. फोरमनने टर्नरला शिव्या घातल्या, त्याला घरी पाठवायला निघाले. मी म्हटलं थांबा. एकदोन नग चुकतात तेव्हा नग चुकलेला असतो. सगळेच एकदम चुकले की मोजायचं माप आधी तपासायचं. आणि खरंच, मापच बिघडलं होतं. खिडकीतल्या उन्हात कुणीतरी तापत ठेवलं होतं. टर्नरची नोकरी वाचली.

काल तीन तयार नाकांनी एकाच वेळी तीच एक गोष्ट चुकवली होती. मग बरणी कशाला तपासायची?

मी ॲप्रन टपरीवाल्याच्या बाकाखाली टाकला, दिव्याला घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेले. दोघींनी पाणी प्यायलं. वीस मिनिटं ट्रक मोजत उभ्या राहिलो. मग मी तिला पट्टी दिली.

तिने डोळे मिटून हुंगली. पट्टी जरा दूर नेली, पुन्हा जवळ आणली. मग तिचा चेहरा असा काही उजळला की मला रडूच आलं.

"आहे," ती म्हणाली. "मावशी, आहे. मागे आहे. मी घातली होती."

"तू घातली होतीस, मला माहितेय. आता गप्प बस आणि नाक कोरडं ठेव. अजून एक हिशेब राहिलाय."

फळ्यावरचा तो ८.१० माझ्या डोक्यातून जात नव्हता.

५

साडेतीनला मी सगळ्यांना गेटबाहेर बोलावलं. निरंजन कुरकुरला, पण आला. मी म्हटलं, "ॲप्रन आतच ठेवायचे. वीस मिनिटं उभं राहायचं. कुणी बोलायचं नाही." चतुराबाई झाडू घेऊन गेटाशी उभी होती. एकटा शेखर काही न विचारता भिंतीला टेकला.

वीस मिनिटांनी मी आतून बुडवून आणलेली ताजी पट्टी निरंजनच्या हातात दिली. त्याने हुंगली. परत हुंगली. मग माझ्याकडे बघितलं.

"हे कसं शक्य आहे?"

"एखाद्या वासात दोन तास बसलं की नाक तो मोजायचं सोडून देतं. हे तूच मला सांगायला हवंस, मी तुला नाही. काल नऊ वाजता तुम्ही सगळ्यांनी जाईच्या वासाचे ॲप्रन घातले. इथे आत पाऊल टाकलं की पन्नास वास, एकाने जास्त झाला तर कोण लक्ष देतंय? अकराला बरणी उघडली तेव्हा तुमच्या नाकांतून जाई वजा झाली होती. राहिला निशिगंध. आज सकाळी मी बाहेरून आले, मला दोन्ही आले. दिव्याचा ॲप्रन घातला, तासाभरात माझीही जाई गेली."

चतुराबाईच्या हातून झाडू पडला.

"ॲप्रन धुतल्यावर घातलेलं ते निळं पानी," ती म्हणाली. "बाटलीवर जाईचं फूल व्हतं. रोज नुसत्या सोड्यानं धुती मी, साहेबांनी सांगितलंय तसं. म्हटलं पोरीचा मोठा दिस हाय, एकदा चांगल्यातलं घालू. म्या केलं वो हे? माज्यामुळं झालं?"

"तुमच्यामुळे झालं," मी म्हटलं. खोटं बोलून तिला काय मिळणार होतं? "पण तुम्हाला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो गप्प बसला."

मी फळ्यावरून काढून आणलेली शेखरची पट्टी पुढे धरली.

"८.१०. विजयश्री, कुलूप नऊला उघडतं आणि सहाला लागतं. मग आठ वाजता ही पट्टी कुठे होती? शेखर, तुम्ही काल ही घरी नेलीत. अंघोळ झाली असेल, कपडे बदलले असतील. हुंगलीत, आणि सवयीने वेळ लिहिलीत. सकाळी परत आणून टाचलीत. आणि आज त्या गार खोलीत, जिथे माझे दात वाजत होते, तिथे तुम्हाला उकडत होतं. ॲप्रनच नको होता तुम्हाला."

निरंजन वळला. "शेखर?"

शेखरने दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"रात्री कळलं मला," तो म्हणाला. "सकाळी सांगणारच होतो राव, खरंच. इथे आलो तर तुम्ही म्हणालात, शेखर, उद्या तुझा गुलाब दाखवू. अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणालात."

"आणि बरणी ओतायला निघालास?"

मी शेखरच्या हातात पेन्सिल दिली. "८.१० ला काय आलं ते लिहा." त्याने ८.१० च्या पुढे लिहिलं: दोन्ही आहेत. पट्टी निरंजनला दिली, दिव्यासमोर क्षणभर थांबला, पण माफी काही त्याच्या तोंडून निघाली नाही. मोटारसायकल काढून निघून गेला.

निरंजनने दिव्यासमोर हात जोडले. "चुकलो. तुझ्या नाकावर विश्वास ठेवायला हवा होता."

"सर, माझाच नव्हता राहिला," दिव्या म्हणाली.

मग तिने निरंजनच्या हातातून ताजी पट्टी घेतली आणि सरळ चतुराबाईकडे गेली. ती बाई गेटाला धरून डोळे पुसत होती. "घ्या चतुरामावशी. तुम्ही हुंगा."

"मी? न्हाई बाई. आमाला मनाई हाय."

"साहेबच म्हणतायत," दिव्याने निरंजनकडे बघितलं. त्याने मान डोलावली.

चतुराबाईने पट्टी दोन बोटांत धरली, प्रसादासारखी. हुंगली. भुवया वर गेल्या.

"पयलं जाड येतंया. मग बारीक, गार." पुन्हा हुंगलं तिने. "आन् मधी कायतरी घान बी हाय बगा. वाईच. टरंकंत डांबरगोळी ठेवत्यात ना, तसलं."

दिव्याने माझा दंड एवढ्या जोरात धरला की दुखला. निरंजन आत गेला, कपाटातलं बंद पाकीट घेऊन आला, आमच्यासमोर फोडलं. निशिगंध, जाई, आणि खाली तिसरी ओळ. ती वाचून तो चतुराबाईकडे बघतच राहिला. त्याने काल हुंगली, आज हुंगली, शेखरने चार वेळा हुंगली, आणि ती तिसरी वस्तू कुणालाच सापडली नव्हती.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं तुम्हाला मी फरशीच दिली."

चतुराबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती दिव्याकडे पट्टी पुढे करत होती.

"हुंगल्यावर येळ लिवत्यात न्हवं? रोज बगते मी. माजी बी लिव की. किती वाजलं?"

दिव्याने पेन्सिल घेतली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं.

चार वाजले होते.